पडद्याआडचे मराठी

कावेरीच्या त्रिभुज प्रदेशातल्या भातशेतीत वसलेल्या तंजावरकडच्या गावांत सिनेमा पोचण्याच्या कितीतरी आधी चित्रं हलू लागली होती. बकऱ्याचं कातडं दिव्याचा उजेड आरपार जाईल इतकं तासायचं, दागिन्यांच्या जागी बारीक भोकं पाडायची, हातापायांना सांधे ठेवायचे. मग पांढऱ्या कापडामागे बसून एकच माणूस राम, सीता, रावण सगळ्यांचे आवाज काढायचा. हे तोलपावैकूत्तु. खेळ तमिळमध्ये, पण करणारा मंडिकर समाजाचा, नावापुढे ‘राव’, आणि घरातली बोली मराठी.

हे ऐकलं की आपली मान लगेच ताठ होते: भोसल्यांबरोबर गेलेले कलावंत! मंडिकर घराण्यांतही तसंच सांगतात. व्यंकोजी भोसल्यानं १६७६च्या सुमारास तंजावर घेतलं आणि १८५५मध्ये राज्य खालसा झालं. मधल्या काळात दरबारानं कितीतरी कलांना आसरा दिला, तेव्हा कहाणी अशक्य नाही. पण ती अपुरी आहे. आंध्र-कर्नाटकातले चामडी बाहुल्यांचे खेळकरीही घरी मराठीच बोलतात, आणि ते काही तंजावरच्या पदरी नव्हते. कर्नाटकात तर विदूषकाच्या बाहुलीचं नावच समाजाला चिकटलं: किळ्ळेक्यात. या फिरस्त्यांना ओळख दिली ती राजापेक्षा पडद्यानं, असं माझं मत आहे. पडद्यावरचं स्वप्न गावाचं असतं. दाखवणाऱ्याची मातृभाषा गाव विचारत नाही.

हाच व्यवहार पुढे सिनेमाच्या चाहत्यांनी चालू ठेवला. बंगळूरच्या मराठी घरातला शिवाजीराव गायकवाड तमिळ पडद्यावर रजनीकांत झाला आणि गावोगावच्या ‘रसिगर मन्रम्’नी, म्हणजे चाहता मंडळांनी, त्याला आपला मानला. २०१४च्या ‘कोचडैयान’मध्ये तर मोशन कॅप्चरनं त्याचीच संगणकी बाहुली केली. यावर कुणी म्हणेल, तो चित्रपट रजनीच्या नेहमीच्या तोलानं चालला नाही, म्हणजे लोकांना खरा माणूसच हवा होता. मला ते पटत नाही. खरा माणूस टक्कल आणि पांढरी दाढी घेऊन चारचौघांत वावरतो, त्यानं चाहत्यांचं काही बिघडत नाही. त्यांना हवी होती वर्षानुवर्षं मुरलेली ती चाल, ती लकब. संगणकाला ती साधली नाही.

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा. २०१७मध्ये रजनीनं राजकारणात उतरायची भाषा करताच ‘बाहेरचा’ हा शब्द निघालाच की. निघाला, पण पडदा सोडून सत्तेकडे पाऊल टाकल्यावर. बालपण कुंभकोणमला काढलेल्या तमिळ सिनेनट एम.जी.आर. यांचं मल्याळी मूळही विरोधकांनी उगाळलं होतं, तरी १९७७ साली ते मुख्यमंत्री झाले. मतदारांनी पडद्यावरची ओळख ग्राह्य धरली. मंडिकरांच्या मुळाची चौकशी मात्र कुणी केली नाही, आणि ते औदार्यच होतं असं मानायचं कारण नाही. त्यांच्याकडे ना जमीन होती ना वतन. खेळ संपला की पुढच्या गावाची वाट. जो वाटेकरी होईल अशी भीती नाही, त्याला कुळ कोण विचारतो?