डेंटलची सीट आणि 'इनामदार' निकाल

नीटचा निकाल लागला की पनवेलच्या मोहल्ल्यांत पहिला प्रश्न येतो, "बीडीएसला डोनेशन किती?" सर्वोच्च न्यायालयाने १२ ऑगस्ट २००५ रोजीच याचं उत्तर दिलं आहे, आणि तो निकाल एका महाराष्ट्रीय मुसलमानाच्या नावाने ओळखला जातो.

पुण्याच्या आझम कॅम्पसचे पी. ए. इनामदार महाराष्ट्र सरकारविरुद्ध न्यायालयात गेले. खासगी विनाअनुदानित कॉलेजांतले प्रवेश कुणाच्या हाती, हा वाद होता. सात न्यायमूर्तींनी ठरवलं की सरकारला अशा कॉलेजांवर आपला कोटा लादता येणार नाही. अल्पसंख्याक संस्थांना हा दिलासा होता, म्हणून आपल्याकडे निकालाचा एवढाच भाग सांगितला जातो.

दुसरा भाग पालकांच्या कामाचा आहे. डोनेशन घेता येणार नाही. महाराष्ट्रात तर १९८७ पासून त्याविरुद्ध कायदाच आहे. प्रवेश गुणवत्तेवर आणि पारदर्शक हवा. फीवर सरकार देखरेख ठेवू शकतं. एनआरआय कोटा जास्तीत जास्त १५ टक्के, तोही खऱ्या एनआरआयच्या मुलांसाठी आणि पाल्यांसाठीच. त्यातून येणारा पैसा गरीब विद्यार्थ्यांना फीमध्ये सवलत देण्यासारख्या कामी लावावा, असंही न्यायालयाने म्हटलं.

कोकणातून कुवेत-दुबईला गेलेल्या आपल्या माणसांनी हे शेवटचं लक्षात ठेवावं. त्यांनी भरलेली जादा फी इथल्या एखाद्या रिक्षावाल्याच्या मुलीची सवलत व्हायला हवी. ती होते का, हे कॉलेजला विचारण्याचा हक्क दोघांनाही आहे. "सीट करून देतो" म्हणणाऱ्या एजंटाच्या दारी जाण्याआधी तो वापरा.