देवमासा आणि आम्ही नागपूरकर

आम्हा नागपूरकरांना समुद्र तसा लांबचाच. वन्यप्राणी म्हटलं की डोळ्यांसमोर ताडोबा नाहीतर पेंच. पण गंमत बघा, राज्याच्या वनखात्याचं मुख्यालय आमच्या सिव्हिल लाइन्समध्ये आहे आणि १९७२च्या वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत डॉल्फिन आणि देवमासे वाघाच्याच रांगेत बसतात. म्हणजे कोकणातल्या देवमाशाचं पालकत्व थोडंफार नागपूरकडेच!

इतिहास मात्र क्रूर आहे. नोव्हेंबर १९६६मध्ये सोव्हिएत जहाजांनी अरबी समुद्रात दोनशेहून जास्त हंपबॅक देवमासे मारले. त्याच वर्षी या जातीच्या शिकारीवर जगभर बंदी आली होती, त्यामुळे ही कत्तल दडवली गेली. खरे आकडे बाहेर आले ते सोव्हिएत संघ कोसळल्यावर. इथले हंपबॅक इतरांसारखे ध्रुवाकडे जात नाहीत, बारा महिने अरबी समुद्रातच राहतात. ओमानजवळच्या मोजणीत ते शंभरही भरले नाहीत. १९७९ साली हिंदी महासागर देवमाशांसाठी अभयारण्य ठरला, पण तोवर व्हायचं ते नुकसान होऊन गेलं होतं.

मारण्याऐवजी दाखवून पैसे मिळवायची कल्पनाही जुनीच. १९५५ साली कॅलिफोर्नियात सॅन डिएगोला एक डॉलर घेऊन लोकांना बोटीतून देवमासे दाखवायला सुरुवात झाली. आपल्याकडे १९८७ साली मालवणला सागरी अभयारण्य झालं, जेमतेम २९ चौरस किलोमीटरचं. मच्छिमारांनी त्याला विरोध केला. पिढ्यानपिढ्या ज्या पाण्यावर पोट भरलं तिथे अचानक नियम आले, तर दुसरं काय होणार?

पुढे तारकर्ली-देवबागला डॉल्फिन दाखवणाऱ्या बोटी सुरू झाल्या. इथला हंपबॅक डॉल्फिन किनाऱ्यालगतच्या उथळ पाण्यात राहतो, म्हणून तो साध्या बोटीतूनही दिसतो आणि म्हणूनच जाळ्यात आणि इंजिनांच्या गर्दीतही सापडतो. मी गेलो होतो तेव्हा एका कळपामागे सात-आठ बोटी धावत होत्या. डॉल्फिन आवाजावर भक्ष्य शोधतो, आवाजावरच पिल्लाला सोबत ठेवतो. त्या घरघराटात त्याला काय ऐकू येत असेल?

वाघाभोवती जिप्सींचा गराडा आम्हीही पाहिलाय. जुलै २०१२मध्ये सुप्रीम कोर्टाने व्याघ्रप्रकल्पांच्या गाभा क्षेत्रातलं पर्यटनच थांबवलं. ऑक्टोबरात ते पुन्हा सुरू झालं ते नियम घालूनच. गाड्या मोजून सोडायच्या, सोबत गावातलाच गाईड द्यायचा. हे समुद्रातही करता येईल: कळपाजवळ एका वेळी दोन-तीनच बोटी, इंजिन मंद, पाठलाग नाही, आणि बोट गावच्या मच्छिमाराचीच.

राज्य सरकारने डिसेंबर २०१८मध्ये एक चांगलं काम केलं. जाळं कापून संरक्षित प्राणी सोडणाऱ्या मच्छिमाराला २५ हजारांपर्यंत भरपाई देऊ केली. मला वाटतं, त्याच्या ३१ वर्षं आधी मालवणात हीच भाषा बोलली गेली असती तर इतकी कटुता आली नसती.

असो. दिवाळीच्या सुट्टीत कोकणात जाणाऱ्या आमच्या भाचरांना एवढंच सांगणं: बोटवाल्याला ‘अजून जवळ घ्या’ म्हणू नका. लांबून दिसला तरी डॉल्फिनच असतो.