शिलाई मशीनची बातमी



आजकाल बातमी मोबाईलवर वाजत येते. आपण पोळ्या लाटत असतो, तेवढ्यात कुठे पूर आला, कुठे अपघात झाला हे कळतं. दुसरी पोळी तव्यावर पडेपर्यंत पुढची बातमी आलेली असते. पूर ओसरल्यावर त्या घरातल्या बाईनं चूल कशी पेटवली, हे मात्र कोणी सांगत नाही. म्हणून आज आम्ही तुम्हांला एका सावकाश झालेल्या बातमीचा इतिहास सांगणार आहोत. ही बातमी छापून यायला वर्ष लागलं आणि पुरी व्हायला चाळीस वर्षं लागली.

6 ऑगस्ट 1945, सकाळचे सव्वाआठ. जपानच्या हिरोशिमा शहरावर अमेरिकेनं अणुबॉम्ब टाकला. सोळा तासांनी अमेरिकेचे अध्यक्ष ट्रुमन यांचं निवेदन जगभर गेलं. बॉम्बची ताकद वीस हजार टन स्फोटकांपेक्षा जास्त आहे आणि हिरोशिमा हा जपानी सैन्याचा महत्त्वाचा तळ आहे, असं त्यात होतं. सैन्य तिथं होतं, हे खरं. पण शाळा होत्या, दवाखाने होते, घराघरांत सकाळचा स्वयंपाक चालला होता. वर्षअखेरपर्यंत सुमारे 1,40,000 माणसं मेली असावीत, असा अंदाज आहे. ती कोण होती, हे निवेदनात नव्हतं.

घाईची बातमी खोटीच असते, असं आम्ही म्हणत नाही. विल्फ्रेड बर्चेट हा ऑस्ट्रेलियन बातमीदार सप्टेंबरच्या सुरुवातीलाच एकटा रेल्वेनं हिरोशिमाला पोहोचला. अंगावर जखम नसलेली माणसंही कसल्याशा आजारानं मरताहेत, असं त्यानं लंडनच्या ‘डेली एक्स्प्रेस’ला कळवलं. ते खरं होतं. पण अमेरिकन सैन्यानं ते नाकारलं. जपान तेव्हा त्यांच्याच ताब्यात होता आणि वृत्तपत्रांवर सेन्सॉर होता. एक बातमी आली, तिचा इन्कार आला आणि जग पुढं गेलं.

मे 1946 मध्ये जॉन हर्सी हा अमेरिकन पत्रकार हिरोशिमात आला. बॉम्बची बातमी तेव्हा नऊ महिने शिळी झाली होती.  वाचलेल्या माणसांना त्यानं विचारलं, की त्या सकाळी तुम्ही काय करत होता, आणि मग काय झालं? बऱ्याच जणांशी बोलून त्यानं सहा जण निवडले. दोन डॉक्टर, दोन धर्मोपदेशक, कारखान्याच्या कचेरीतली एक तरुण मुलगी, आणि हात्सुयो नाकामुरा.

नाकामुराबाई शिंप्याची विधवा. नवरा सैन्यात गेला आणि 1942 मध्ये सिंगापूरला मारला गेला. मागं तीन लहान मुलं आणि त्याची शिलाई मशीन. त्या मशीनवर शिवणकाम करून बाई घर चालवत होती. आदल्या रात्री विमानहल्ल्याचा इशारा झाला, तेव्हा तिनं पोरांना घेऊन सुरक्षित जागा गाठली आणि रात्रीच परत आली. सकाळी पुन्हा भोंगा वाजला. पण पोरं दमलेली होती, म्हणून तिनं त्यांना झोपू दिलं. ती स्वयंपाकघराच्या खिडकीशी उभी असताना डोळे दिपवणारा उजेड पडला आणि घर कोसळलं. तिनं हातांनी ढिगारा उपसून तिन्ही पोरं बाहेर काढली. तिघंही जिवंत होती. मग आग पसरू लागली तेव्हा तिनं शिलाई मशीन दारासमोरच्या पाण्याच्या टाकीत टाकली. पोटाचं साधन जळू नये, एवढंच तिच्या मनात होतं. काही दिवसांनी तिचे केस मूठमूठ गळू लागले.

हर्सीनं हे सगळं साध्या भाषेत लिहिलं. कोणाला शिव्या दिल्या नाहीत, स्वतःचं मत घुसवलं नाही. 31 ऑगस्ट 1946 रोजी ‘द न्यूयॉर्कर’ या साप्ताहिकानं अख्खा अंक त्या एका लेखाला दिला. अंक हातोहात संपला. सप्टेंबरमध्ये अमेरिकेच्या रेडिओवर तो लेख चार रात्री, रोज अर्धा तास, वाचून दाखवला गेला. संगीत नाही, आवाजांची करामत नाही, नुसतं वाचन. पुढे बीबीसीनंही तो वाचला. रेडिओ चालवणाऱ्या आम्हांला याचं फार अप्रूप वाटतं. ज्यांच्या सरकारनं बॉम्ब टाकला, ते लोक घरात बसून शत्रूदेशातल्या एका शिवणकाम करणाऱ्या बाईची हकिकत ऐकत होते.

पण गोष्ट इथं संपली नाही. हर्सी जवळजवळ चाळीस वर्षांनी त्याच सहा जणांचं पुढं काय झालं ते पाहायला परत गेला. 1985 मध्ये त्याचा दुसरा लेख आला. त्यातून कळलं की नाकामुराबाईला कित्येक वर्षं अशक्तपणानं सोडलं नाही. बॉम्बमधून वाचलेल्यांना काम द्यायला मालक कचरत, कारण ही माणसं सारखी आजारी पडत. डॉक्टरचं बिल भागवायला तिला नवऱ्याची ती मशीन विकावी लागली. आगीतून वाचवलेली मशीन गरिबीत गेली. बॉम्बनंतर सोसलेल्या सगळ्या दिवसांत तो क्षण तिला सर्वांत वाईट वाटला. मग तिनं मिळेल ते काम केलं, डांबराच्या गोळ्यांच्या कारखान्यात तेरा वर्षं राबली आणि तिन्ही मुलं मोठी केली. वाचलेल्यांना मोफत उपचार देणारा कायदा जपानमध्ये झाला तो 1957 मध्ये, बॉम्बनंतर बारा वर्षांनी. हर्सी परत गेला नसता, तर मशीन वाचली एवढंच आपल्याला माहीत राहिलं असतं.

अशा कामाला आता ‘स्लो जर्नालिझम’, म्हणजे सावकाश पत्रकारिता म्हणतात. नाव अलीकडचं, या शतकातलं. झटपट खाण्याला विरोध म्हणून इटलीत 1980 नंतरच्या दशकात ‘स्लो फूड’ची चळवळ उभी राहिली, त्या धर्तीवर ते पडलं. काम मात्र जुनं आहे, आणि आपल्याकडेही झालेलं आहे. पी. साईनाथ यांनी देशातल्या सर्वांत गरीब जिल्ह्यांत महिनोन्महिने फिरून लिहिलं. ते लेखन 1996 मध्ये पुस्तकरूपानं आलं. विदर्भातल्या शेतकरी आत्महत्यांवर ते वर्षानुवर्षं लिहीत राहिले. अशा घरी कॅमेरा येतो तो मरणाच्या दिवशी. सावकाराचा तगादा, सातबाऱ्यावर नाव लावायची खटपट, पोरीची शाळा, हे सगळं त्यानंतर सुरू होतं, आणि ते बाईच्या वाट्याला येतं.

मैत्रिणींनो, आपल्या गटाच्या वहीत आपण हप्ता आणि कर्ज लिहितो. त्याच वहीच्या मागच्या पानांवर गावातल्या मोठ्या घटनेची तारीख लिहून ठेवा. नळयोजनेचं उद्घाटन, गारपीट, एखाद्या घरातला मृत्यू. एक वर्षानं त्याच तारखेला त्या घरी, त्या नळापाशी जा. घरी गेलात तर आधी चहा घ्या, मग विचारा, की पुढं काय झालं? बोलायची तिची तयारी असेल तर लिहून घ्या आणि तिची परवानगी असेल तरच आमच्याकडे घेऊन या. आमच्या रेडिओवर त्या बातमीला आम्ही अर्धा तास देऊ.