अंधारी आणि मिठाची पोती

दौलताबादच्या अंधारीत शिरलो, तेव्हा वाटाड्याने मुद्दाम मशाल विझवली. खडकात कोरलेली ती वळणावळणाची चढती वाट; पाऊल उचलेना. वरच्या तोंडाशी लोखंडी झाकण. त्यावर निखारे पेटवले की शत्रू आत धुराने गुदमरायचा. बाहेर तासलेला कडा, खोल खंदक, अणकुचीदार खिळ्यांचे दरवाजे.

आज दिसणारी तटबंदी बरीचशी नंतरची. पण अवघड डोंगर रामदेवराय यादवाच्या काळीही होताच. तरी १२९६ मध्ये अलाउद्दीन खिलजीपुढे देवगिरी नमली. सैन्य युवराजाबरोबर दूर गेलेलं. आणि फिरिश्ता लिहितो, धान्य समजून घाईघाईने गडावर नेलेल्या पोत्यांत मीठ निघालं!

मंडळी, दारं भक्कम हवीतच. पण वेळेवर पोतं उघडून पाहणारा माणूसही हवा.