ब्रेस, सामता आणि एक पुसलेलं नाव

मला जुनी हत्यारं गोळा करायचा नाद आहे हे आता आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक झालंय. बायकोने तर तळघरातला एक कोपरा 'भंगार' म्हणून माझ्या नावावर करून टाकलाय. त्या कोपऱ्यात रंधे आहेत, करवती आहेत, पण सगळ्यात जास्त आहेत ती भोकं पाडायची हत्यारं. का, ते पुढे येईलच.

सुरुवात झाली ती एका शनिवारी. मॅसॅच्युसेट्समधे उन्हाळा लागला की लोक घरातलं नकोसं सामान अंगणात मांडून विकायला बसतात. आमच्या शेजारच्या गल्लीत असंच एक टेबल मांडलेलं. जुन्या कपबशा, विझलेले दिवे आणि त्यांच्या खाली एका खोक्यात गंजलेला ब्रेस. चार डॉलर दिले आणि घेऊन आलो.

ज्यांनी ब्रेस पाहिलेला नाही त्यांच्यासाठी सांगतो. विजेशिवाय चालणारं हे ड्रिल. लोखंडाचा दांडा मधे चौकोनी वाकवलेला, त्या वाकलेल्या भागावर फिरणारी लाकडी मूठ. वर एक लाकडी बोंड असतं, ते एका तळव्याने किंवा छातीने दाबून धरायचं आणि दुसऱ्या हाताने मूठ गोल गोल फिरवायची. खाली चकमधे बिट बसवायचं. मूठ जेवढ्या वर्तुळात फिरते त्याच्या व्यासाला स्वीप म्हणतात. दहा इंची स्वीपचे ब्रेस सगळ्यात जास्त दिसतात. भिंतीला चिकटून काम करताना पूर्ण फेरा घेता येत नाही, त्यासाठी रॅचेट असतं. अर्धा फेरा पुढे, मग कडकड करत मागे, परत पुढे.

आता हा ब्रेस कुणाचा, कधीचा? मला वाटलं होतं की जुनं हत्यार ओळखणं म्हणजे अंदाजपंचे. तसं अजिबात नाही. पहिल्यांदा बघायचा तो चक. सगळ्यात जुन्या लाकडी ब्रेसमधे बिट एका लाकडी ठोकळ्यात पक्कं बसवलेलं असायचं आणि बिट बदलायचं म्हणजे तो ठोकळाच बदलायचा. शेफील्डच्या कारागिरांनी पुढे स्प्रिंगची खिट्टी आणली. बटण दाबलं की बिट सुटतं. यात अडचण अशी, की बिटाच्या बुडाला खिट्टीसाठी नेमक्या जागी खाच पाडावी लागे. कनेक्टिकटच्या ब्रिजपोर्टमधे जॉन फ्रे यांची कंपनी स्पॉफर्ड ब्रेस बनवायची. त्याचं पेटंट १८५९ चं. त्यात चक मधोमध चिरलेला असतो आणि एका स्क्रूने आवळायचा असतो. दुरूनसुद्धा ओळखू येतो.

पण बाजी मारली ती विल्यम बार्बर या माणसाने. ग्रीनफील्ड, मॅसॅच्युसेट्स. २४ मे १८६४ रोजी त्याला पेटंट मिळालं. कल्पना अगदी साधी. दोन जबडे आणि त्यांच्यावर आट्यांचं एक नळकांडं. नळकांडं पिळलं की जबडे मिटतात आणि बिटाचं चौकोनी बूड घट्ट धरतात. खाच नको, स्क्रू नको, कुठल्याही कंपनीचं बिट चालतं. लेव्ही गन आणि चार्ल्स अ‍ॅमिडन यांनी हा ब्रेस बनवायला घेतला आणि १८६८ मधे जवळच्याच मिलर्स फॉल्स गावात कारखाना निघाला. आजही ब्रेस म्हटला की चक साधारण त्याच घराण्यातला निघतो.

माझ्या ब्रेसचा चक घासलेट लावून पुसला तर अक्षरं उमटली. 'मिलर्स फॉल्स कंपनी'. म्हणजे माझ्या घरापासून दीड तासावर बनलेला! सुरुवातीला कंपनीच्या नावात 'मॅन्युफॅक्चरिंग' हा शब्द होता, १८७२ मधे तो गेला. माझ्या ब्रेसवर तो नव्हता. म्हणजे हा त्यानंतरचा. इथे एक धोका सांगून ठेवतो, कारण मीही त्यात फसलोय. हत्यारावर पेटंटची तारीख असली तर ती जन्मतारीख नव्हे. 'याच्या आधीचा नाही' एवढंच ती सांगते. कंपन्या तीच तारीख पुढे वर्षानुवर्षं ठोकत असत. स्टॅन्लेच्या हत्यारांवर बदामाचं चिन्ह दिसलं तर मात्र काम सोपं, ते १९२० च्या सुमाराला आलं आणि तीसच्या दशकात गेलं.

इतकं सगळं शिकलो आणि मग एक घोडचूक केली. वरच्या लाकडी बोंडावर काळा चिकट थर होता. मी उत्साहाने पॉलिश पेपर घेतला आणि अर्धा तास घासत बसलो. खालून सुंदर लालसर लाकूड निघालं. खूश होऊन दुसऱ्या दिवशी उजेडात पाहिलं तर लाकडात बारीक खड्डे. एक उभी रेघ, एक अर्धा गोल, पुन्हा एक रेघ. कुणीतरी आपलं नाव ठोकलं होतं तिथे. पूर्वी इथले सुतार नावाचा ठसा बनवून घ्यायचे आणि आपल्या प्रत्येक हत्यारावर मारायचे, म्हणजे कामावर अदलाबदल व्हायला नको. शंभरएक वर्षं टिकलेलं ते नाव मी अर्ध्या तासात पुसून टाकलं होतं. कंपनीचं नाव शाबूत आणि ज्याच्या तळव्याने ते बोंड गुळगुळीत झालं त्याचं गेलं. अजूनही भिंगाखाली धरून बघतो कधीकधी. वाचता येत नाही.

त्यानंतर मी घासणं सोडलं आणि वाचायला लागलो. तेव्हा कळलं की हा ब्रेस तसा अलीकडचा. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमच्या क्लॉइस्टर्समधे 'मेरोड आल्टरपीस' हे तीन फळ्यांचं चित्र आहे, साधारण १४२७ ते १४३२ मधलं. त्याच्या उजव्या फळीवर म्हातारा जोसेफ आपल्या सुतारकामाच्या खोलीत बसून ब्रेसने फळीला भोकं पाडतोय. ब्रेसची युरोपातली जी अगदी जुनी चित्रं आहेत त्यांतलं हे एक. म्हणजे जेमतेम सहाशे वर्षं.

त्याच्या आधी काय होतं? दोरी. एका दांड्याला दोरीचा वेढा द्यायचा, दोरी कमानीला बांधायची आणि कमान पुढेमागे ओढायची. इजिप्तमधे थीब्जला रेखमिरे नावाच्या वजिराचं थडगं आहे, इसवी सनापूर्वी पंधराव्या शतकातलं. त्याच्या भिंतीवर सुतार असं भोक पाडताना रंगवलेत. आपल्या बाजूला तर त्याहून कितीतरी मागे जाता येतं. बलुचिस्तानातल्या मेहेरगढला साडेसात ते नऊ हजार वर्षांपूर्वीच्या नऊ माणसांच्या अकरा दाढांना गारगोटीच्या टोकाने पाडलेली भोकं सापडली. २००६ मधे 'नेचर'मधे ते छापून आलं. तेही बहुधा कमानीनेच फिरवलं असावं असं संशोधकांचं म्हणणं.

आणि इथे मी वाचता वाचता थांबलो. कारण कमान आणि दोरी म्हणजे सामता! आमचे आजोबा सुतार. सातारा जिल्ह्यातल्या गावी त्यांचा सामता होता हे वडिलांकडून ऐकलेलं. मी लहान असताना आजोबा गेले, पुढे वाडा पाडला तेव्हा हत्यारांची पेटी कुणाला तरी देऊन टाकली. कुणाला, ते आज कुणालाच आठवत नाही.

ब्रेस आणि सामता यांत एक मोठा फरक आहे. ब्रेस एकाच दिशेने फिरत राहतो. म्हणून त्याच्या बिटाला पीळ असतो, टोकाला बारीक स्क्रू असतो जो बिटाला लाकडात ओढून नेतो आणि पिळातून भुसा वर येतो. बुडावर आकडा असतो, तो इंचाचे सोळावे भाग सांगतो. आठ म्हणजे अर्धा इंच. सामता मात्र एकदा इकडे, एकदा तिकडे फिरतो. त्याला पीळ देऊन उपयोग नाही. त्याचं टोक चपटं, भाल्यासारखं, आणि दोन्ही दिशांना खरवडेल अशी दोन्ही बाजूंना सारखी धार.

हे डोक्यात ठेवून मी पुढच्या सुट्टीत घरी गेलो. आई पूजेचा नारळ हातात घेऊन बसली होती. तिने ओट्याखालच्या खणातून एक लोखंडी सळई काढली आणि नारळाचा डोळा फोडला. ही सळई मी जन्मापासून बघत आलोय. वीतभर लांब, टोक चपटं. मी ती धुऊन उजेडात धरली. दोन्ही बाजूंना सारखी धार. बूड चौकोनी निमुळतं, लाकडात ठोकून बसवण्यासारखं.

"आई, ही कुठून आली गं?"

"काय माहीत. सासूबाईंच्या वेळेपासून आहे. नारळाचीच आहे ती."

तिथूनच गावी आत्याला फोन लावला. आत्या आता पंच्याऐंशीची. सळईचं वर्णन अर्धं ऐकलं आणि म्हणाली, "आरं, ती दादांच्या सामत्याची! कानशीची केलेली. गाडीच्या चाकाला मोठी भोकं पाडायची आसली की कमान पुरायची न्हाई. मग दादा वरनं करवंटीनं दाबून धरायचे आन् दोरीची दोन टोकं घिऊन म्या ओढायची. इकडनं, तिकडनं. हात सोलून निघायचे."

मी विचारलं, "तू? तू ओढायचीस?"

"मग काय तुजा बा? त्यो साळंत जायचा."

मी गप्पच झालो. घरात आजवर आजोबांच्या कारागिरीच्या गोष्टी खूप ऐकल्या होत्या. दोरी कोण ओढायचं हे कुणी सांगितलं नव्हतं, आणि मी विचारलंही नव्हतं. ब्रेसवर कंपनीचं नाव, गाव, पेटंट, सगळं ठोकलेलं असतं. सामत्याच्या त्या सळईवर एक अक्षर नाही. जे काही आहे ते आत्याच्या आठवणीत आहे.

सळई आईने मला दिली, बदल्यात नारळासाठी नवा स्क्रूड्रायव्हर घेऊन ठेवला. आता ती तळघरात ब्रेसच्या शेजारी टांगली आहे. दोन्हींना दोऱ्याने पुठ्ठ्याच्या चिठ्ठ्या बांधल्यात. ब्रेसच्या चिठ्ठीवर लिहिलंय, 'मिलर्स फॉल्स, १८७२ नंतर. मालकाचं नाव होतं, ते मी पुसलं.' सळईच्या चिठ्ठीवर, 'दादांचा सामता. दोरी: आत्या.'

गावच्या मंडळींपैकी कुणाला ती पेटी कुठे गेली हे आठवत असेल तर मला फोन करा. पेटी नाही मिळाली तरी चालेल. आठवतंय ते सांगा.