जालन्याच्या वहीत वर्ष कधी संपायचं? किस्तीपासून मोबाईलच्या रिमाइंडरपर्यंत



जालना म्हटलं की लोखंडी सळई, बियाणं आणि मोसंबी आठवते. 'जालना सोने का पालना' ही म्हणही तुम्ही ऐकली असेल. पण आजचा भाग सोन्यावर नाही, तारखेवर आहे. जालन्यातल्या कुठल्याही सीएच्या ऑफिसात डोकावा, भिंतीवरच्या कॅलेंडरवर ७, ११, १५, २० या तारखांना गोल केलेला दिसेल. आता तेच गोल मोबाईलमध्ये आलेत. अकाउंटंट लोकांचं वर्कफ्लो सॉफ्टवेअर असतं ना, कुठलं काम, कोणाचं, कधीपर्यंत ते सांगणारं, त्यात. प्रश्न असा आहे की या तारखा ठरवल्या कोणी? आणि त्या आपल्या कामाच्या सोयीच्या आहेत का?

यासाठी जरा मागे जावं लागेल. चांगलं चारशे वर्षं मागे.

३२ पिकं आणि ३३ वर्षांचा सारा

हिजरी वर्ष चंद्रावर चालतं. ते साधारण ३५४ दिवसांचं, म्हणजे सूर्याच्या वर्षापेक्षा ११ दिवस कमी. सणावारांना हे चालतं. पण शेतसारा याच वर्षावर धरला तर? सूर्याची ३२ वर्षं होतात तेव्हा चंद्राची ३३ होतात. म्हणजे शेतकऱ्याच्या घरात पिकं आली ३२ वेळा आणि सारा मागितला जाणार ३३ वेळा! शिवाय वसुलीची तारीख दरवर्षी ११ दिवसांनी मागे सरकत जाणार. कधीतरी ती थेट पेरणीच्या दिवसांत येऊन बसणार. घरात दाणा नाही आणि दारात वसुलीवाला उभा.

यावर उपाय म्हणून अकबराच्या काळात 'फसली' सन आला. फसल म्हणजे पीक. दख्खनमध्ये तो शाहजहानच्या काळात लागू झाला. मराठ्यांच्या दप्तरात तर त्याआधीपासून शुहूर सन होता. त्यालाच मृगसाल म्हणत, कारण सूर्य मृग नक्षत्रात गेला की वर्ष सुरू व्हायचं. म्हणजे साधारण ७ जून. पेरणीची वेळ तीच हिशेबाच्या नव्या वर्षाची वेळ.

यातली अक्कल लक्षात घ्या. सारा किस्तीत घ्यायचा आणि किस्त पीक हातात आल्यावर. आधी काम कधी पुरं होतं ते बघायचं, मग मुदत ठरवायची.

बरं, मुदत, किस्त, तारीख, हिशेब, जमा, बाकी, वसूल हे सगळे शब्द अरबी-फारसीतून आपल्याकडे आले आणि इथलेच झाले. आजही अकाउंटंट 'बाकी किती?' असंच विचारतो.

एका मुनीमाची चार कॅलेंडरं

जालना तेव्हा हैदराबाद संस्थानात, औरंगाबाद जिल्ह्यात. (स्वतंत्र जालना जिल्हा झाला १ मे १९८१ ला.) १८५३ ते १८८३ या काळात सालारजंग निजामाचे दिवाण होते. त्यांनी मक्त्याने वसुली देण्याची पद्धत मोडून सरकारी अधिकारी नेमले. गावात पटवारी हिशेब लिहायचा, फसली सनात. संस्थानाचं फसली वर्ष पुढे ऑक्टोबरच्या सुरुवातीला, आजूर महिन्यापासून धरलं जाऊ लागलं.

१९०० मध्ये मनमाड–सिकंदराबाद रेल्वे पूर्ण झाली आणि जालन्याची पेठ मुंबईच्या बाजाराला जोडली गेली. आता पेठेतल्या मुनीमाचं डोकं कसं चालत असेल बघा. कचेरीच्या कागदावर फसली तारीख. रेल्वेच्या पावतीवर इंग्रजी तारीख. मराठी पंचांगात शके. आणि गुजराती-मारवाडी पेढीच्या वहीत विक्रम संवत, म्हणजे वर्ष दिवाळीला बदलणार. पैसाही दोन तऱ्हांचा, निजामाचा हाली सिक्का आणि इंग्रजी कलदार.

त्यात हुंड्या. दर्शनी हुंडी दाखवली की पैसे द्यायचे. मुदती हुंडीचे पैसे ठरलेल्या दिवसांनी. मुदत चुकली तर पेढीची पत गेली. म्हणून पेढीवर कोणती हुंडी कधी पिकते हे सतत डोक्यात ठेवावं लागे. आजच्या सॉफ्टवेअरच्या भाषेत हीच ती ड्यू डेट.

वर्ष १७ महिन्यांचं!

१७ सप्टेंबर १९४८ ला हैदराबाद संस्थान मुक्त झालं. १ एप्रिल १९५० पासून भारताचा आयकर कायदा इथे लागू झाला. सरकारचं आर्थिक वर्ष एप्रिल ते मार्च. ते इंग्रजांनी १८६७ मध्ये ठरवलेलं, त्याआधी ते मे ते एप्रिल होतं.

पण व्यापाऱ्याला सूट होती. आपलं हिशेबाचं वर्ष त्याने स्वतः निवडावं. त्यामुळे कोणाचं वर्ष दिवाळीला संपे, कोणाचं रामनवमीला, कोणाचं मार्चला. लक्ष्मीपूजनाला वहीची पूजा व्हायची तेव्हा हिशेब खरोखरच बंद होत असे आणि तो कायद्यालाही मान्य असे.

हे थांबलं १९८९ मध्ये. कायदा बदलला आणि सगळ्यांचं वर्ष ३१ मार्चलाच संपेल असं ठरलं. मग मधल्या काळाचं काय? ज्यांचं खातं १९८७ च्या दिवाळीला बंद झालं होतं, त्यांचं पुढचं वर्ष थेट ३१ मार्च १९८९ ला संपलं. एक वर्ष, सुमारे १७ महिन्यांचं! त्यासाठी कायद्यात वेगळं परिशिष्ट घालावं लागलं.

वह्यांची पूजा आजही होते, पण त्या दिवशी हिशेब बंद होत नाही.

आणि इथेच आजच्या अडचणीचं मूळ आहे. पूर्वी अकाउंटंटकडे दहा पेढ्यांची कामं वर्षभर पसरलेली असायची. आता शंभर क्लायंट आणि सगळ्यांचं वर्ष एकाच रात्री संपणार. आपण ज्याला 'मार्च एंड' म्हणतो ती गर्दी अशी तयार झाली.

११, १४, २०

१ जुलै २०१७ ला जीएसटी आला आणि वर्षाची गर्दी महिन्यावर आली. जालन्याचंच उदाहरण घेऊ. इथे भंगार वितळवून बिलेट होतं, बिलेटपासून सळई. समजा कारखान्याने १० लाखांचं भंगार घेतलं. त्यावर १८ टक्के कर म्हणजे १ लाख ८० हजार रुपये. भंगारवाल्याने महिन्याचं रिटर्न ११ तारखेपर्यंत भरलं, तर १४ तारखेला तयार होणाऱ्या २बी या तक्त्यात ती रक्कम दिसते आणि कारखान्याला २० तारखेच्या रिटर्नमध्ये वजावट मिळते. भंगारवाला १२ ला जागा झाला तर? १ लाख ८० हजारांची वजावट पुढच्या महिन्यावर गेली. चूक एकाची, पैसे अडकले दुसऱ्याचे.

म्हणजे तुमची मुदत आता तुमच्या एकट्याची राहिलेली नाही. मुदती हुंडीसारखंच झालं हे.

मग सॉफ्टवेअरमध्ये तारीख कशी टाकायची?

बरेच जण काय करतात? '२० तारीख – रिटर्न' असं एकच काम टाकतात आणि १९ ला रात्री रिमाइंडर वाजतो. हा रिमाइंडर बिनकामाचा. २० ही कायद्याची तारीख आहे, कामाची नाही.

फसलीची अक्कल इथे वापरा. पीक हातात कधी येतं? म्हणजे कागद हातात कधी येतात? तिथून सुरुवात करा. ३ तारखेला क्लायंटकडे बिलं आणि बँक स्टेटमेंट मागायचं. ८ पर्यंत विक्री जुळवायची, ११ च्या आत भरायची. १४ ला २बी उतरवायचं. १५ ते १७ जे बिल दिसत नाही त्या विक्रेत्याला फोन. १८ ला क्लायंटची मंजुरी. २० च्या आधी मोकळे.

प्रत्येक पायरी वेगळं काम म्हणून टाका, प्रत्येकावर एकाच माणसाचं नाव ठेवा. आधीची पायरी झाल्याशिवाय पुढची उघडणार नाही अशी जोडणी करा, आणि दर महिन्याला ते आपोआप परत येऊ द्या. अजून एक, काम 'आपल्याकडे' अडलंय की 'क्लायंटकडे', हे वेगळं दिसलं पाहिजे. नाहीतर कागद क्लायंटच्या दुकानात पडलेला असतो आणि जागरण होतं ऑफिसातल्या आर्टिकलशिप करणाऱ्या पोराचं.

आणि सरकारने मुदत वाढवली तर? कायद्याची तारीख बदला, पण आपली ३ तारीख तिथेच राहू द्या.

नियम बदलतच राहणार. १ एप्रिल २०२६ पासून आयकराचा नवा कायदा लागू झाला आणि 'मागील वर्ष' आणि 'निर्धारण वर्ष' ही जोडगोळी जाऊन एकच 'कर वर्ष' आलं. ते संपतं मात्र ३१ मार्चलाच.

तुमच्या घरी किंवा दुकानात जुनी वही असेल तर जरूर उघडून बघा. पहिल्या पानावर कोणती तिथी आहे, संवत आहे की फसली, ते आम्हाला कळवा. भेटू पुढच्या भागात!