नाग नावाचा सोयरा
(रेडिओवरील भाषणाचे संपादित रूप)

आज मी आपल्याशी एका शब्दाविषयी बोलणार आहे. एरवी नाही, तरी श्रावणात आपण तो हमखास उच्चारतो. तो शब्द म्हणजे ‘नाग’.

श्रावणातल्या कहाण्यांमध्ये नागपंचमीची एक कहाणी आहे. सणाला घरातल्या सगळ्या सुना माहेरी जातात. धाकटीला माहेरचे कोणीच नसते. ती मनाशी म्हणते, मला न्यायला नागोबा येईल. आणि नागोबा खरोखरच माणसाचे रूप घेऊन, तिच्या माहेरचा माणूस म्हणून दारात उभा राहतो. लहानपणी आजीकडून ही कहाणी ऐकताना मला नागापेक्षा त्या सुनेचेच जास्त वाटायचे. पुढे भाषेचा अभ्यास करताना लक्षात आले, की तिला न्यायला ‘साप’ आलेला नाही, ‘नाग’ आला आहे. बांधावर निघतो तो साप. पाटावर चंदनाने काढून पुजतो तो नाग. साप मारला जातो, नागाशी नाते जोडले जाते. हा फरक त्या एका कहाणीपुरता नाही. हा शब्द जिथे जिथे गेला, तिथे पुष्कळ ठिकाणी माणसांनी त्याला आपल्या नात्यात ओढून घेतले. ती हकिकत मला आज सांगायची आहे.

संस्कृतात सापाला नावे पुष्कळ. त्यांतली दोन फार जुन्या घराण्यातली. पहिले ‘अहि’. ऋग्वेदात इंद्र ज्या वृत्राला मारतो, त्याला ‘अहि’ म्हटले आहे. इराणी लोकांच्या अवेस्तात हाच शब्द ‘अझि’ होतो. तिथला ‘अझि दहाक’ हा तीन तोंडांचा राक्षस फारसीत ‘अझदहा’ बनून हिंदी-उर्दूच्या गोष्टींत शिरला. लॅटिनमधला सापाचा ‘अँग्विस’ हाही अहीचाच भाऊबंद. मराठीत तो बिचारा मुंगसाच्या सोबतीने ‘अहिनकुल’ या समासात तेवढा उरला आहे.

दुसरे नाव ‘सर्प’. सृप् म्हणजे सरपटणे. आपला ‘साप’ आणि आपले ‘सरपटणे’ याच घरातले. लॅटिनमधला ‘सर्पेन्स’ आणि त्यावरून आलेला इंग्रजी ‘सर्पंट’ हेही तिथलेच. आता गंमत पाहा. अंगावर एका बाजूला पट्ट्यासारखे फोड उठतात, त्या आजाराला आपण ‘नागीण’ म्हणतो. डॉक्टर त्याला ‘हर्पीस’ म्हणतात. हा हर्पीस ग्रीक भाषेतल्या सरपटण्याच्या क्रियापदावरून आला आणि ते क्रियापद आपल्या सृप् धातूचे सख्खे भावंड आहे. ग्रीकांना आणि आपल्याला त्या फोडांत एकच प्राणी दिसला! (नागिणीचे तोंड आणि शेपूट जुळले की माणूस दगावतो, ही समजूत मात्र खोटी आहे. वेळेवर डॉक्टरांकडे जावे, हे उत्तम.)

‘नाग’ या शब्दाची कुंडली इतकी सरळ नाही. सापाच्या अर्थाने हा शब्द ऋग्वेदात सापडत नाही. शतपथ ब्राह्मणात ‘महानाग’ असा शब्द एकदा येतो. तिथेही मोठा साप म्हणायचे आहे की मोठा हत्ती, हे ठरवता येत नाही, कारण संस्कृतात नाग म्हणजे हत्तीसुद्धा! ऐतरेय ब्राह्मणात तर हत्ती हाच अर्थ आहे. हत्तीची सोंड सापासारखी वळवळते, म्हणून एकाचे नाव दुसऱ्याला मिळाले असावे, असा तर्क केला जातो.

हा शब्द आला कुठून? ‘नग’ म्हणजे पर्वत, त्यावर राहणारा तो नाग, असे जुने पंडित सांगत. कोणी तो ‘नग्न’ शब्दाशी जोडला, म्हणजे अंगावर केस नसलेला प्राणी. कोणी त्याचे नाते इंग्रजी ‘स्नेक’शी लावले. जुन्या इंग्रजीत तो ‘स्नाका’ होता. त्यातला आरंभीचा ‘स’ गळाला असे धरले, तर ‘नाग’ जवळ येतो. आणखी कोणी म्हणतात, की हा शब्द इथल्याच एखाद्या आर्येतर भाषेतून संस्कृताने उचलला. यांपैकी एकही मत निर्विवाद नाही. अहि आणि सर्प यांची वंशावळ कागदोपत्री चोख आहे. नागाच्या कागदावर बापाचे नाव कोरे आहे. आणि तरीही सर्वांत दूरवर गेला तो हाच.

घरच्या घरात तरी तो किती ठिकाणी शिरला! विड्याच्या पानाचा वेल ही नागवेल. मसाल्यात नागकेशर. आयुर्वेदात शिसे या धातूला नाग म्हणतात, म्हणून त्याचे भस्म ते नागभस्म. पंचांगातल्या अकरा करणांमध्ये एक नाग. योगशास्त्रात ज्या उपवायूमुळे ढेकर येते, त्याचेही नाव नागच. गावोगावी नागनाथ आणि नागोबा, गोव्यात बांदोड्याला नागेशी.

पण नागाचा खरा मान वाढला तो महाभारतात. तिथले नाग बोलतात, राज्य करतात, सूड घेतात आणि लग्नेही करतात. अर्जुनाची एक बायको उलूपी ही नागकन्या. जनमेजय सर्पसत्र मांडतो, तेव्हा ते थांबवतो आस्तिक. त्याचा बाप ऋषी आणि आई नागकन्या. दोन्ही घरचे रक्त असलेला मुलगाच तो संहार थांबवू शकला, ही गोष्ट मला फार अर्थपूर्ण वाटते.

ही सोयरीक केवळ काव्यातली राहिली नाही. इतिहासात नाग नावाची राजघराणी झाली. आपल्या विदर्भातल्या वाकाटकांच्या ताम्रपटांत पहिला रुद्रसेन हा भारशिवांचा महाराज भवनाग याचा दौहित्र, म्हणजे मुलीचा मुलगा, असा उल्लेख पुन्हा पुन्हा येतो. आईकडचे आजोबा नाग घराण्यातले होते, हे सांगण्यात त्या राजांना भूषण वाटत होते. त्याच वाकाटकांच्या काळात अजिंठ्याची पुष्कळशी लेणी कोरली गेली. १९ क्रमांकाच्या लेण्यापाशी डाव्या हाताला पाहा. डोक्यावर फणा धरलेला नागराज आपल्या राणीसह निवांत बसलेला आहे. तिथे भीतीचा लवलेश नाही. एखाद्या घरंदाज जोडप्याचे ते शिल्प वाटते.

इथून हा शब्द व्यापाऱ्यांच्या, भिक्षूंच्या आणि पुरोहितांच्या गलबतांतून पूर्वेकडे गेला. कंबोडियाच्या लोकांची समजूत अशी, की त्यांचे राज्य परदेशातून आलेला एक पुरुष आणि तिथली नागकन्या यांच्या लग्नातून जन्मले. व्हिएतनाममध्ये मी सोन येथे सातव्या शतकाच्या मध्याचा एक संस्कृत शिलालेख आहे. त्यात कौंडिण्य नावाचा ब्राह्मण आणि नागराजाची मुलगी सोमा यांचा विवाह सांगितला आहे. १२९६ मध्ये झोऊ दाग्वान नावाचा चिनी गृहस्थ अंगकोरला गेला. त्याने लिहून ठेवले, की राजवाड्यातल्या सोन्याच्या मनोऱ्यात नऊ फण्यांची नागीण स्त्रीरूपाने येते आणि राजाने रोज रात्री प्रथम तिच्याकडे गेलेच पाहिजे, अशी तिथल्या लोकांची श्रद्धा आहे. आजही पारंपरिक ख्मेर लग्नात नवरा मुलगा वधूच्या शेल्याचे टोक धरून चालतो. नागकन्येच्या मागून पाताळात गेलेल्या त्या पहिल्या नवऱ्याची ती आठवण. ख्मेर भाषेत नागाला म्हणतात ‘नेआक’.

थायलंडमध्ये त्याचा उच्चार ‘नाक’ होतो. (आपल्या नाकाशी त्याचा काही संबंध नाही!) भिक्षू होण्यापूर्वी पांढरी वस्त्रे नेसून मिरवणुकीने निघालेल्या तरुणाला तिथे ‘नाक’ म्हणतात. बौद्ध विनयग्रंथांत एक कथा आहे. एक नाग माणसाचे रूप घेऊन संघात शिरला. झोपेत त्याचे खरे रूप उघड झाले आणि त्याला संघ सोडावा लागला. तेव्हापासून दीक्षा घेणाऱ्याला, तू माणूसच आहेस ना, असे विचारण्याची रीत पडली. थाई लोकांनी त्या बिचाऱ्या नागाची आठवण ठेवली आणि प्रत्येक उमेदवाराला त्याचे नाव दिले. २०२२ मध्ये तर तिथल्या मंत्रिमंडळाने नागाला देशाचे एक राष्ट्रीय प्रतीक म्हणून मान्यता दिली.

चीनमध्ये बौद्ध ग्रंथांचे भाषांतर करणाऱ्यांनी नागासाठी त्यांच्या परिचयाचा शब्द घेतला, ‘लोंग’, म्हणजे ड्रॅगन. त्यामुळे नागार्जुन तिथे ‘लोंगशू’ झाला. जावा-सुमात्राकडे उलटे घडले. ड्रॅगनला तिथे आजही ‘नागा’ म्हणतात. सांगली-सोलापूरच्या दुष्काळी पट्ट्यात हल्ली ड्रॅगन फ्रूटची लागवड होते, ते फळ इंडोनेशियात ‘बुआ नागा’ या नावाने विकतात. बुआ म्हणजे फळ. आपण परका शब्द वापरतो आणि ते आपला!

एक सावधगिरी मात्र बाळगायला हवी. ध्वनी सारखा दिसला की नाते जोडायचे, हा मोह वाईट. ईशान्येकडच्या नागा लोकांचे नाव या नागावरून आले, असे सर्रास सांगितले जाते. त्याला भक्कम आधार नाही. त्यांच्या भाषा तिबेटी-ब्रह्मी कुळातल्या आहेत, आणि हे नाव शेजाऱ्यांनी दिलेले असावे, असे बरेच अभ्यासक मानतात. त्याचा अर्थ कोणी डोंगरातले, कोणी कान टोचलेले असा करतात. माणसांच्या नावाची व्युत्पत्ती त्यांना न विचारता ठरवू नये.

उलट, एखादा समाज स्वतःहून एखादा पूर्वज निवडतो, तेव्हा ती गोष्ट वेगळी असते. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लाखो अनुयायांसह नागपूरला बौद्ध धम्म स्वीकारला. दुसऱ्या दिवशीच्या भाषणात त्यांनी नागपूरच का निवडले, याचा खुलासा केला. भारतात बुद्धाचा धम्म पसरवला तो नाग लोकांनी, ते या भागात राहत होते, इथली नदीही नाग नदी आहे आणि आपण त्या लोकांचे वंशज आहोत, असे त्यांनी सांगितले. ‘द अनटचेबल्स’ या १९४८ च्या ग्रंथातही त्यांनी नाग लोकांचा विचार मांडला होता. इतिहासकार पुराव्यांविषयी चर्चा करतील आणि ती करावीच. पण त्या मैदानावर बसलेल्या माणसांना शतकानुशतके कोणी पूर्वज म्हणून सांगायलाच ठेवले नव्हते. बाबासाहेबांनी त्यांना एक कूळ दिले, आणि त्या कुळाचे नाव ‘नाग’ होते.

माहेरचे कोणी नसलेल्या त्या सुनेची कहाणी मला इथे पुन्हा आठवते. तिच्यासाठीही नागच धावून आला होता. ज्या शब्दाचा स्वतःचा जन्म कुठे झाला हे कोणाला सांगता येत नाही, त्याने इतक्यांना माहेर दिले. यंदा पंचमीला पाटावर नाग काढाल, तेव्हा हे एकदा मनात येऊ द्या.